आवळायच्या आधी सोडायला शिका: पेल्विक फ्लोअर, श्वास आणि अंगात मुरलेला ताण

टिटवी (मूळ लेख)

ओटीपोटाच्या तळाचा, म्हणजे पेल्विक फ्लोअरचा, विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: केगल (तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) करा. शिंकताना लघवी होते? केगल. बाळंतपणानंतर सैल वाटतं? केगल. संबंधांच्या वेळी दुखतं? तरीही केगल. हा तिसरा सल्ला बहुतेक वेळा उलटतो, म्हणून हा धागा.

आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर दुबळ्या झालेल्या स्नायूंसाठी. सोबत दाब मोजायचं उपकरणही होतं, त्यामुळे बाई काय आवळतेय आणि किती, हे आकड्यात दिसायचं. पुढे उपकरण मागे पडलं आणि 'आवळा' तेवढं उरलं.

मूठ दिवसभर घट्ट धरून ठेवा आणि संध्याकाळी त्याच हाताने भरलेला तांब्या उचलून बघा. हात दुबळा नसतो, दमलेला असतो. त्याला आणखी मूठ आवळायचा व्यायाम देऊन काय होणार?

रचना थोडक्यात सांगते. पुढे ओटीपोटाच्या खालच्या टोकाला हाताला लागणारं हाड (जघनास्थी), मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना बैठकीची हाडं. यांच्या मधे झोळीसारखे ताणलेले स्नायू. श्वास घेताना छातीखालचं श्वासपटल खाली सरकतं, त्याबरोबर ही झोळीही थोडी खाली येते. श्वास सोडताना दोन्ही वर जातात. वर्षानुवर्षं पोट आत ओढून वावरलं, मांड्या घट्ट जोडून बसलं, लघवी रोखून धरली, की झोळी वरच अडकून राहते. खुणा अशा: लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, होऊन गेल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, शौचाला जोर लावावा लागणं, मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन घालताना भिंत आडवी आल्यासारखं होणं, माकडहाडापाशी दुखणं.

भीतीचा संबंध इथेच येतो, आणि तो गूढ नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बायकांना वेगवेगळी चित्रफीत-दृश्यं दाखवून पेल्विक फ्लोअर आणि खांद्याचा स्नायू यांची विद्युत-हालचाल मोजली. भीतीदायक दृश्याला दोन्ही एकाच वेळी आवळले गेले, योनी आखडण्याचा त्रास असलेल्या बायकांमध्येही आणि नसलेल्यांमध्येही. म्हणजे खांदे वर चढणं आणि तळ आवळणं ही एकाच बचावाची दोन टोकं.

आता सराव. एकूण १२ ते १५ मिनिटं, दिवसातून एकदा. जेवल्यावर लगेच नको. आधी लघवी करून या.

जमिनीवर सतरंजी, डोक्याखाली दोन घड्यांचा टॉवेल. हनुवटी छताकडे उचलली जात असेल तर आणखी एक घडी घाला. पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, गुडघे साधारण काटकोनात. खुर्ची उंच असेल तर कंबर अधांतरी राहते, मग खाली पातळ उशी सरकवा. पाठीवर झोपणं नको वाटत असेल तर कुशीवर, गुडघ्यांमधे जाड उशी. तेवढंच चालतं.

१) पहिली दोन मिनिटं काहीच करायचं नाही. डोळे उघडे. खोलीत सावकाश नजर फिरवा, मान वळू द्या. टाच, पोटरी, ढुंगण, खांद्याची पाती, डोकं: जमिनीवर आणि खुर्चीवर कुठे वजन पडतंय एवढंच बघा.

२) तळवे बरगड्यांच्या खालच्या कडेवर, दोन्ही बाजूंना. नाकाने ४ आकडे श्वास आत, बरगड्या तळव्यात रुंदावू द्या. ओठ किंचित उघडून ६ आकडे बाहेर, आरशावर वाफ धरल्यासारखा. असे १० श्वास. श्वास मोठा नको, सावकाश हवा. इथेच सगळ्यात जास्त चुकतं. खोल म्हणजे भरपूर असं समजून छाती भरभरून घेतली की कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांना मुंग्या, ओठांभोवती झिणझिण्या, गरगरणं सुरू होतं. त्याला 'ऊर्जा जागी झाली' म्हणणारे भेटतील. ती हवा जास्त झालेली असते.

३) आता झोळी शोधायची. उठून कडक खुर्चीवर बसा. हातरुमालाची लांबट गुंडाळी करा आणि ती पुढून मागे अशी योनी आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागाखाली घ्या. श्वास आत घेताना तो भाग गुंडाळीवर अलगद टेकतोय का? सोडताना किंचित हलका होतोय का? पहिल्या आठवड्यात बहुतेकींना काहीच कळत नाही. चालेल. लक्ष तिथे १० श्वास ठेवायचं, बस.

सोडणं आणि ढकलणं यांत गल्लत होते. ढकलताना श्वास घशात अडतो, पोट दगडासारखं होतं, कपाळाला आठी पडते. सोडताना बैठकीची हाडं एकमेकींपासून दूर गेल्यासारखी वाटतात आणि जबडा आपोआप लोंबतो. शंका आली तर तळ सोडून जबड्याकडे बघा. दात दातांवर असतील तर ढकलताय.

४) परत पाठीवर, यावेळी पावलं जमिनीवर. कंबर जमिनीपासून किंचित उचलून हलकी कमान करा, ताकद फार तर तिसरा हिस्सा. मग ती कमान उतरवायला चढवण्याच्या तिप्पट वेळ घ्या. मग उलट: कंबर जमिनीला टेकवा, तितक्याच सावकाश सोडा. ५-६ वेळा. मांजर झोपेतून उठताना आधी अंग ताणतं आणि मग सैल सोडतं, तसं. 'सोमॅटिक्स' (शरीर आतून जाणवून घेण्याची पद्धत) हा शब्द १९७६ मध्ये रूढ करणाऱ्या थॉमस हॅना यांच्या पद्धतीचा गाभा हाच: नुसतं ताणू नका, आधी स्नायू मुद्दाम आवळा आणि मग मेंदूच्या देखरेखीखाली सोडा. उतरताना मधेच झटके येत असतील तर तेवढ्या टप्प्यावर ताबा नाही असं समजा आणि वेग निम्मा करा.

५) शेवटी कुशीवर दोन मिनिटं. उठताना हाताने ढकलून उठा, पोटाने उचलून नको.

६ ते ८ आठवडे. आधी फरक दिसतो तो शौचाला आणि लघवीला, दुखणं त्यानंतर हलतं.

हे सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जायची कारणं: रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त, संबंधांनंतर रक्त, ओटीपोटात दुखून ताप, लघवी अजिबात न होणं, दोन मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, पायातली ताकद जाणं. शेवटच्या तीनपैकी काहीही अचानक झालं तर त्याच दिवशी, तासाभरात. श्वास मोजत बसू नका.

कातरवेळ

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पण तळ दुबळा आहे की आखडलेला, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? दोन्ही खुणा एकीतच असतील तर?

सैलगाठ

कातरवेळ, दोन्ही एकीत असतात, हीच तर गोम आहे. आखडलेला स्नायू आधीच वर असतो, त्यामुळे खोकल्याच्या वेळी त्याला आणखी वर जायला जागाच उरत नाही आणि लघवी गळते. बाहेरून दिसतं 'दुबळा'.

घरची चाचणी पूर्ण भरवशाची नाही, पण दिशा दाखवते. कुशीवर झोपा, श्वास सोडताना गुदद्वार आणि योनी हलकेच वर ओढा, २ सेकंद धरा, सोडा. सोडल्याचं स्पष्ट कळलं का? धप्पकन खाली आल्यासारखं वाटलं तर ठीक. 'सोडलं, पण खाली काही आलंच नाही' किंवा 'तीन-चार हिसक्यांत आलं' असं वाटलं तर सोडण्याचं काम आधी. ओढल्याचंच कळलं नाही तर दुबळा असू शकतो किंवा आधीच वर अडकलेला, आणि हा फरक बाहेरून होत नाही.

तो फरक पेल्विक फ्लोअरची फिजिओथेरपिस्ट करते. हातमोजा घातलेलं एक बोट, दोन्ही बाजूंना दाबून दुखतंय का बघणं, आवळायला सांगणं, सोडायला सांगणं. आत तपासायला 'नको' म्हटलं तरी बरंच काम बाहेरून होतं, आणि मधेच थांबवायला कारण द्यावं लागत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण याच भीतीने बायका वर्षानुवर्षं जात नाहीत.

टिटवीच्या लेखात एक दुरुस्ती. पायरी ३ मध्ये पाठ टेकून बसू नका. पाठ टेकली की माकडहाड आत वळतं आणि वजन बैठकीच्या हाडांवरून मागे जातं. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात, पावलं टेकलेली.

टिटवी

सैलगाठ, बरोबर, ते राहून गेलं. धन्यवाद.

अबोली७

म्हणजे केगल वाईट का? शिंकताना गळणाऱ्यांनी मग काय करायचं?

सैलगाठ

वाईट अजिबात नाही! शिंक-खोकल्याला गळत असेल आणि सोडणं जमत असेल तर पहिला उपाय तोच. दिवसातून ३ वेळा, प्रत्येक वेळी निदान ८ आवळण्या, ६ ते ८ सेकंद धरून, आणि आवळलं त्याहून जास्त वेळ सोडून. निदान ३ महिने. दोन आठवड्यांत सोडून देऊन 'उपयोग नाही' म्हणणाऱ्याच जास्त.

दुसरी युक्ती: शिंक येतेय असं कळलं की तिच्या आधी क्षणभर तळ वर ओढायचा, शिंक होईपर्यंत धरायचा, मग सोडायचा. ताकदीपेक्षा वेळ साधणं यात महत्त्वाचं. खुर्चीतून उठताना, बाळ उचलताना तेच.

लघवीची धार मधेच थांबवून सराव करू नका. 'स्नायू कोणता' हे कळायला एखाद्या वेळी ठीक. रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होण्याच्या चक्रातच गडबड होते. मूलबंध (तळ वर ओढून धरायची योगातली क्रिया) करणाऱ्यांनाही हेच: बंध लावायला सगळे शिकतात, उतरवायला कोणी शिकत नाही.

प्रश्नांकित

सगळं मान्य, पण आता कोणीतरी येऊन 'भावना कमरेच्या स्नायूत साठतात' म्हणणार, तर आधीच विचारतो. कुठे साठतात? कोणत्या पेशीत?

मध्यलय

प्रश्नांकित, कुठेही साठत नाहीत. स्नायूत दुःखाची गाठ आणि ती दाबली की दुःख बाहेर, असं काही सिद्ध झालेलं नाही. मुरते ती सवय. धोका वाटला की आवळायचं हे मेंदूने शिकलेलं असतं. धोका गेला तरी हुकूम मागे घेतला जात नाही. स्नायू नुसता हुकूमाचा ताबेदार. म्हणून दाबून, मळून, रगडून एक-दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा जैसे थे. हुकूम बदलायला तीच हालचाल, सावकाश, सुरक्षित वाटत असताना, पुन्हा पुन्हा करावी लागते. कंटाळवाणं आहे, त्याला इलाज नाही.

प्रश्नांकित

हे पटण्यासारखं आहे. आणि ते 'वेगस नर्व्ह रीसेट'?

मध्यलय

रीसेटचं बटण असतं तर आपण सगळ्यांनी ते दाबून झिजवलं असतं. खरं आहे ते एवढं: श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, घेताना वाढतात, आणि यात वेगस या मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूचा हात असतो. मिनिटाला साधारण ६ श्वासांवर हा चढउतार सर्वांत मोठा होतो. ४ आत, ६ बाहेर हे गणित तिथूनच. स्टीफन पोर्जेस यांची १९९४ ची पॉलिव्हेगल मांडणी (वेगसमार्फत शरीर धोक्याला आणि सुरक्षिततेला कसा प्रतिसाद देतं याबद्दलची) समजवायला सोपी पडते म्हणून सगळीकडे वापरली जाते, पण तिच्यातल्या शरीरशास्त्रावर जाणकारांचे कडक आक्षेप आहेत. सराव करायला ती मान्य करावी लागत नाही.

झटपट हवं असेल तर दुहेरी उसासा: नाकाने श्वास, वर आणखी एक छोटा श्वास, मग तोंडाने लांब उसासा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५ मिनिटं, महिनाभर हे करणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. पण फरक माफक होता, चमत्कार नव्हे.

नवखी

पायरी १ मध्ये डोळे उघडे का? योगनिद्रा, शवासन सगळीकडे तर मिटायलाच सांगतात. आणि शरीराकडे लक्ष दिलं की शांत होण्याऐवजी छाती धडधडायला लागते, असं होतं का कोणाला? ते चुकीचं आहे का?

मध्यलय

नवखी, फार चांगला प्रश्न. सविस्तर लिहिते, कारण अशी सुरुवात अर्ध्यावर सोडणाऱ्या खूप असतात आणि दोष स्वतःला देतात.

सैल होण्यानेच घाबरायला होणं हे १९८० च्या दशकापासून नोंदलेलं आहे. ज्या शरीराला सावध राहूनच निभावायची सवय लागली, त्याला सैल होणं म्हणजे पहारा उठवणं वाटतं. अत्याचार, अवघड बाळंतपण, दवाखान्यातली जबरदस्तीची तपासणी, अपघात, यांतलं काही मागे असेल तर ओटीपोट, छाती, घसा हे भाग थेट लक्ष द्यायला सर्वांत अवघड. आणि सगळे सराव नेमके तिथूनच सुरू करायला लावतात!

क्रम उलटा करायचा.

आधी बाहेर. खोलीतल्या एकाच रंगाच्या पाच वस्तू शोधा. दार कुठे आहे ते बघा. पाठ भिंतीला आणि दार समोर, अशी जागा घ्या.

मग कडेला. तळपाय जमिनीवर दाबा, सोडा. तळहात एकमेकांवर घासा आणि ऊब बघा. हात-पाय हे भाग बहुतेकींना बिनधोक वाटतात. तुम्हाला नाकाचं टोक किंवा कानाची पाळी वाटत असेल तर तेच घ्या.

मग आत, पण डोकावून परत यायचं. ओटीपोटाकडे २० ते ३० सेकंद लक्ष, लगेच तळपायाकडे एक मिनिट. एका बैठकीत अशा ३ फेऱ्या खूप झाल्या. तिसऱ्या फेरीला बरं वाटतंय म्हणून चौथी करू नका. जास्त केल्याचा त्रास त्याच वेळी न होता रात्री होतो: झोप उडणं, चिडचिड, वाईट स्वप्नं. तसं झालं तर दुसऱ्या दिवशी निम्मं.

थांबायच्या खुणा: हात थंड पडणं, आवाज लांबून आल्यासारखे वाटणं, स्वतःला बाहेरून बघतोय असं वाटणं, वेळेचं भान जाणं. हे शांत होणं नाही, हे गोठणं आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून शिकवणाऱ्यालाही फसायला होतं. अशा वेळी डोळे उघडा, उभ्या राहा, थंड पाण्याने मनगटं धुवा, आजची तारीख मोठ्याने म्हणा. श्वासाचा व्यायाम त्या क्षणी करू नका, त्याने आणखी आत ओढलं जातं.

धडधड वाढत असेल तर झोपून करण्याऐवजी उभ्याने, चालत करा. १०० पावलं, प्रत्येक पावलाला टाच-चवडा. तोही सरावच.

कातरवेळ

मध्यलय, याला काही पुरावा? 'सोमॅटिक' नावाखाली काय काय विकलं जातं ते बघता विचारते.

मध्यलय

२०१४ मध्ये ६४ बायकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना जुन्या, उपचारांना दाद न देणाऱ्या आघातोत्तर ताणविकाराचा (पीटीएसडी) त्रास. निम्म्यांना १० आठवडे आघाताचं भान ठेवून शिकवलेला योग, निम्म्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के बायका निदानाच्या निकषांतून बाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. गट लहान होता, आणि योग चालू उपचारांच्या जोडीला होता, त्याऐवजी नव्हता.

त्या वर्गात काय वेगळं, तर 'हवं असेल तर हात वर घ्या, किंवा नका घेऊ' अशी भाषा. शिकवणारी हात लावून आसन सुधारत नाही. प्रत्येक आसनात निवड बाईची. 'तुझ्या अंगाचं तू ठरव' हे तोंडाने सांगण्यापेक्षा अंगाला करून बघू देणं.

अबोली७

सरावानंतर रडू येतं किंवा पाय थरथरतात. 'साचलेलं बाहेर पडतंय, येऊ द्या' म्हणतात.

मध्यलय

रडू आलं तर रडा, अर्थ लावत बसू नका. थरथरीचं कारण बऱ्याचदा साधंच असतं: दमलेला स्नायू. मांड्या फाकवून पाय अधांतरी धरले की कोणाचेही थरथरतील. थरथर थांबवावीशी वाटली तर पाय सरळ करून थांबवता येते का, हे बघा. थांबवता येत असेल तर ठीक. थांबत नसेल, किंवा मन कुठेतरी निघून जात असेल, तर एकटीने करू नका. गरोदरपण किंवा फिट्सचा त्रास असेल तर मुद्दाम थरथर आणणारे प्रकार टाळाच.

'जितकं जास्त बाहेर पडेल तितकं बरं' हे मला साफ नामंजूर. मोठा उमाळा येऊन गेला म्हणजे सुधारणा झाली असं नसतं. सुधारणा मोजायची तर साध्या गोष्टींत मोजा: झोप, लघवीला किती वेळा, दचकणं, दुखण्याच्या गोळ्या.

सैलगाठ

आणि शिबिरांबद्दल एक वाक्य स्पष्ट लिहून ठेवते. पेल्विक फ्लोअरचं 'मोकळं करणं' म्हणून आत हात घालणारी व्यक्ती परवानाधारक आरोग्यसेवक नसेल तर उठून निघून या. प्रमाणपत्र दोन दिवसांच्या शिबिराचं आहे का, हे विचारायला लाजू नका.

नवखी

पाळीच्या दुखण्याला यातलं काय करावं? अवांतर असेल तर सोडून द्या.

टिटवी

अवांतर नाही. पाळीचा पहिला-दुसरा दिवस दुखतो तो प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढून गर्भाशय आकुंचन पावतं म्हणून. श्वासाने प्रोस्टाग्लँडिन कमी होत नाही. आकुंचनाभोवती आपण जी आवळाआवळ करतो ती कमी होते.

शेक मात्र खरा उपयोगी. २००१ मधल्या एका चाचणीत साधारण ३९ अंशांची पट्टी १२ तास लावून ठेवल्यावर मिळणारा आराम ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा घेण्याइतका निघाला. ३९ म्हणजे कोमटाच्या जरा वर. चटका बसेल इतकं गरम नको. रोज फार गरम शेक घेतला की कातडीवर तपकिरी जाळी उमटते. व्यायामाचं म्हणाल तर आठवड्याला निदान तीनदा, प्रत्येक वेळी ४५ ते ६० मिनिटं, नुसतं पाळीत नाही, सगळा महिना. हलका की जोराचा याने फारसा फरक पडत नाही.

पाळीआधीपासून दुखणं, शौचाला दुखणं, दर वर्षी वाढत जाणं, गोळीने न थांबणं: हे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं) असू शकतं. दहातल्या एकीला असतं आणि निदानाला वर्षं लागतात, कारण 'पाळीत दुखायचंच' असं तिला सांगितलेलं असतं. सरावाने बरं वाटतंय म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.

अबोली७

जाता जाता, रजोनिवृत्तीच्या गरम वाफांना हा सावकाश श्वास चालतो का?

टिटवी

वाफा कमी करायला नाही. चाचण्यांत तो साध्या श्वासापेक्षा सरस ठरला नाही. वाफ आल्यावर घाबरणं कमी व्हायला जरूर करा, पण वाफांसाठी डॉक्टरांशी बोला.

कातरवेळ

सिझेरियनच्या व्रणाबद्दल कोणी लिहील का? तो भाग बधिर असतो आणि हात लावायलाच नको वाटतं.

सैलगाठ

६ आठवड्यांची तपासणी झाली, जखम पूर्ण मिटली, खपली नाही, पाणी नाही, मगच.

पहिला आठवडा: व्रणावर कपड्यावरून नुसता तळवा, एक मिनिट. नको वाटलं तर व्रणापासून चार बोटं लांब. दुसरा आठवडा: आधी सुती, मग मऊसूत, मग खरखरीत कापड व्रणाच्या आजूबाजूला फिरवा. बधिर भागाला स्पर्शाची पुन्हा ओळख करून द्यायची असते. तिसऱ्यापासून: दोन बोटं व्रणाच्या वर ठेवून कातडी हलवा. बोट कातडीवरून घसरायला नको, कातडी बोटाबरोबर सरकायला हवी. म्हणून तेल लावू नका, ते लावलं की नुसतं घसरतं. वर-खाली, डावी-उजवी, छोटे गोल. जिथे अडतं तिथे हलका दाब धरून ३-४ श्वास. रोज ५ मिनिटं. ओढल्यासारखं वाटणं ठीक, टोचणं नको. बधिर भागावर गरम शेक कधीच नको, भाजलेलं कळत नाही.

व्रणापाशी गाठ लागत असेल आणि ती दर पाळीला सुजून दुखत असेल तर चोळू नका, दाखवा. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजलेल्या असू शकतात.

प्रश्नांकित

शौचाच्या जोराबद्दल कोणी लिहिलं नाही. तळावर सगळ्यात जास्त अत्याचार तिथेच होत असणार.

सैलगाठ

खरंय. पायाखाली स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपर मांड्यांवर, तोंड उघडं. 'हूं' करून श्वास कोंडण्याऐवजी 'ऊऽऽ' असा लांब आवाज काढा, पोट पुढे रुंदावू द्या. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा. मोबाइल बाहेर ठेवा. लघवीला अजिबात जोर नको, आणि बाहेर निघायचंय म्हणून लागलेली नसताना 'असू दे, जाऊन घेऊ' हेही नको. साधारण ३ ते ४ तासांनी पुरे. आणि अधांतरी बसून लघवी करू नका, तेव्हा तळ सुटतच नाही.

नवखी

हातरुमालाच्या गुंडाळीवर बसलं की मधोमध मुंग्या येतात. सोडून द्यावं का?

सैलगाठ

गुंडाळी किती जाड आहे? बोटाएवढी पुरते, टॉवेलची करू नका. जाड असली की सगळं वजन मधे पडतं आणि तिथल्या मज्जातंतूवर दाब येतो. बैठकीची दोन्ही हाडं खुर्चीला टेकलेलीच हवीत, गुंडाळी नुसती मधे स्पर्श करेल इतकी. वेळ दोन मिनिटांच्या वर नको. तरीही मुंग्या आल्या तर गुंडाळी काढून टाका आणि कुशीवर झोपून, तळवा बाहेरून तिथे ठेवून तेच १० श्वास करा.

आणि एक बघून सांग: एरवीही बसलं की जळजळ होते, उभं राहिलं की कमी, आणि कमोडच्या सीटवर बसलं की जवळजवळ नाही, असं आहे का? असेल तर गुंडाळी, केगल, सायकल तिन्ही बंद ठेव आणि हेच तीन मुद्दे डॉक्टरांना याच शब्दांत सांग.

नवखी

नाही, एरवी काही नाही. गुंडाळी टॉवेलचीच होती. 😅